नुसकान

त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावर आला आणि वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजून काळा पडला. अमळनेरपासून काही कोसांवर, बोरी नदीच्या काठी आमचे गाव. आठवडाभराने तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा आमच्या ओट्यावर दहा-बारा माणसे जमली होती आणि आजी उंबऱ्याशी बसून सगळ्यांचे बोलणे ऐकत होती. तलाठ्यांनी कागद बाहेर काढला तशी ती, कोणा एकाला उद्देशून नव्हे अशा आवाजात, म्हणाली, “कितलं नुसकान व्हयनं रे भाऊ.” मी तेव्हा आठवीत होते आणि त्याच महिन्यात शुद्धलेखनाच्या चाचणीत वर्गात पहिली आले होते. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “आजी, नुसकान नाही, नुकसान.” ओट्यावरचे दोघे-तिघे हसले. आजीने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “तुले समजनं ना?”

मला समजले होते. सगळ्यांनाच समजले होते. त्या वर्षी आमच्या घरात एका दाण्याचाही नवा कापूस आला नाही, आणि मी आजीच्या तोंडातल्या क आणि स यांचा क्रम दुरुस्त करत बसले, ही गोष्ट मला पुढे फार वर्षे टोचत राहिली. मराठीची शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आणि तपासताना हा शब्द जेव्हा जेव्हा समोर आला, तेव्हा तेव्हा लाल शाईचे पेन क्षणभर थांबले. त्या थांबण्यातूनच मी या विषयाकडे वळले.

शब्दातले दोन वर्ण आपापल्या जागा बदलतात, या घटनेला आपले जुने व्याकरणकार वर्णविपर्यय म्हणत. शब्द तोच, अर्थ तोच, वर्णही बहुतेक तेच, फक्त रांगेतला क्रम वेगळा. आजीचे ‘नुसकान’ हे याचे अगदी स्वच्छ उदाहरण आहे, आणि ते केवळ आमच्या गावचे किंवा केवळ अहिराणीचेही नाही. महाराष्ट्राच्या कुठल्याही बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी ते कानावर पडते. ‘मतलब’चे ‘मतबल’ होते. ‘सिग्नल’चे ‘सिंगल’ होते आणि रेल्वेच्या रुळांजवळ राहणारी माणसे ‘सिंगल पडला’ असेच म्हणतात. शाळेतल्या ‘डेस्क’चे ‘डेक्स’ होते, आणि हे शेवटचे मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे.

‘नुसकान’ आणि ‘डेक्स’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, तेव्हा मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने विचारात पडले. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, आणि बहुतेकांची असते, की अवघड जोडाक्षर सोपे करून घेण्यासाठी जीभ ही उलटापालट करते. पण ‘नुकसान’मध्ये क आधी आणि स नंतर आहे, तर माणसे स आधी आणतात, ‘डेस्क’मध्ये स आधी आणि क नंतर आहे, तर तीच माणसे क आधी आणतात. एकाच गावातल्या एकाच माणसाच्या तोंडी हे दोन्ही शब्द असू शकतात. मग सोपे कोणते आणि अवघड कोणते? इंग्रजीतल्या ‘आस्क’ या क्रियापदाची कथाही अशीच आहे: जुन्या इंग्रजीत त्याची ‘स्क’ आणि ‘क्स’ अशी दोन्ही रूपे लिहिलेली सापडतात आणि ‘आक्स’ म्हणणारे लोक आजही आहेत.

याचे कारण जिभेइतकेच कानातही आहे. स हा घर्षणाचा, सुस्कारा टाकल्यासारखा, लांबणारा आवाज आहे. क हा क्षणभर अडून फुटणारा आवाज आहे. हे दोन लागोपाठ आले की आपल्या कानाला सुस्कारा ऐकू येतो आणि फुटणेही ऐकू येते, पण त्यातले आधी कोणते झाले हे ठरवताना तो चुकू शकतो. ऐकणारा आपल्या समजुतीप्रमाणे क्रम लावतो, आणि पुढच्या वेळी बोलताना तोच क्रम वापरतो. र, ल आणि ह यांचेही असेच आहे. हे वर्ण स्वतःच्या जागेत मावत नाहीत. त्यांची छटा मागच्या-पुढच्या स्वरांवर पसरते, आणि पसरलेल्या छटेवरून मूळ वर्ण नेमका कुठे उभा होता हे शोधणे कठीण जाते. म्हणूनच जागा बदललेल्या वर्णांची यादी काढली तर त्यात हे तिघे पुन्हा पुन्हा भेटतात.

पण सगळे कानावर ढकलूनही चालत नाही. माझा भाचा तीन वर्षांचा असताना कपाटाला ‘पकाट’ म्हणायचा. त्याला चिडवावे म्हणून कोणी “तुझा चेंडू पकाटात आहे” म्हटले, की तो रागाने लाल व्हायचा आणि सांगायचा, “पकाट नाही, पकाट!” त्याच्या कानाला बरोबर शब्द ठाऊक होता, दुसऱ्याच्या तोंडची चूक त्याला तत्काळ कळत होती. उलटापालट होत होती ती बोलण्याच्या तयारीत, जिथे ओठांचा सोपा प पुढच्या रांगेत घुसत होता. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी तो ‘कपाट’ म्हणाला आणि पुन्हा कधी ‘पकाट’ म्हणाला नाही. मोठी मुले तर हाच खेळ जाणूनबुजून खेळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो: शब्दाचे पहिले व्यंजन काढून शेवटी ठेवायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा, म्हणजे ‘पाणी’चे ‘चाणी प’ आणि ‘मला’चे ‘चला म’. मोठ्यांना ते कळू नये एवढाच हेतू असे, आणि आजीला ते पहिल्याच दिवशी कळले होते.

महाविद्यालयात असताना मला कळले की हा विषय आपल्याकडे अतिशय प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी काही शतके यास्काने आपल्या निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात सांगितले आहे की शब्दातले आरंभीचे आणि अंतीचे वर्ण कधीकधी अदलाबदल करतात, आणि त्याने उदाहरणे दिली आहेत रज्जू, सिकता, तर्कू अशी, म्हणजे दोरी, वाळू आणि सूत कातण्याची चाती. कातणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूतले वर्ण उलटे होऊन ‘तर्कू’ झाला, असे त्याचे म्हणणे. कापसाच्या मुलुखात वाढलेल्या मला हे उदाहरण फार जवळचे वाटले. आमच्या माळ्यावर आजीच्या सासूचा चरखा होता आणि त्याची चाती माझ्या हाताने मी फिरवलेली होती. पुढे व्याकरणकार पतंजलीनेही ‘हिंस्’ धातूपासून ‘सिंह’ झाला असे याच न्यायाने सांगितले. आजचे भाषाशास्त्र या व्युत्पत्ती सगळ्याच मान्य करत नाही, आणि सिंहाची तर मलाही पटत नाही. परंतु उदाहरण चुकले तरी निरीक्षण चुकलेले नाही. वर्ण जागा बदलतात हे त्या लोकांनी ऐकले होते, आणि त्याला त्यांनी दोष न म्हणता शब्द घडण्याच्या रीतींमध्ये स्थान दिले होते.

त्यानंतर मी हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण उघडले. हेमचंद्र बाराव्या शतकातला, गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणचा जैन आचार्य. त्याच्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषा आहेत, आणि त्यात जागा बदलणाऱ्या वर्णांसाठी लहान लहान सूत्रांची एक ओळच लावलेली आहे. वाराणसी शब्दात र आणि ण जागा बदलतात. अचलपुरात च आणि ल बदलतात. ह्रदात ह आणि द, लघुकात ल आणि (घ चा झालेला) ह, ललाटात ल आणि (ट चा झालेला) ड. आणि या सगळ्यांच्या मध्ये दोन शब्दांचे एक सूत्र आहे: ‘महाराष्ट्रे हरोः’. महाराष्ट्र या शब्दात ह आणि र यांची अदलाबदल होते, आणि रूप होते ‘मरहट्ठ’.

ते सूत्र मी दोन-तीन वेळा वाचले. ‘मरहट्ठ’मधला ह पुढे विरून गेला आणि मराठा, मराठी हे शब्द उरले. म्हणजे ज्या भाषेच्या शुद्धतेसाठी मी ओट्यावर उभी राहून आजीला अडवले होते, त्या भाषेचे नावच ह आणि र यांनी जागा बदलल्यामुळे झालेले आहे. क्रम न बदलता हा शब्द आपल्यापर्यंत आला असता, तर आपण आपल्या भाषेला आज दुसरेच काही म्हणत असतो. आणि हा बदल हेमचंद्राच्या काळातलाही नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, इ. स. ७७९ मध्ये, राजस्थानातल्या जालोर येथे उद्द्योतनसूरीने पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचे वर्णन येते आणि त्यात आपल्याकडच्या माणसांना ‘मरहट्ठे’ असेच म्हटले आहे. परक्या बाजारात आपण आपल्या जागा बदललेल्या वर्णांनिशी ओळखले जात होतो.

हेमचंद्राच्या त्या ओळीतला एकेक शब्द घेऊन मी मग आमच्या गावातून मनाने फिरले. बोरीला वळण घेताना एक खोल जागा होती, तिला आम्ही डोह म्हणत असू. हा डोह म्हणजेच संस्कृतातला ‘ह्रद’: ह आणि द यांनी जागा बदलून त्याचा ‘द्रह’ झाला आणि तो घरंगळत मराठीत आला. ‘लघु’चे ‘लहु’ झाले, त्यातल्या ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि आपल्याला ‘हळू’ मिळाला, ‘हलका’ मिळाला. एकाच शब्दाची दोन रूपे आपण घरात बाळगतो: एक लघुउद्योगातला लघु, पुस्तकातून परत आणलेला, आणि एक हळू, जो कधी गेलाच नव्हता. ‘ललाट’चे प्राकृतात ‘णडाल’, ‘णिडाल’ झाले आणि त्याचे आपण ‘निढळ’ केले. निढळाच्या घामाची भाकरी असे म्हणताना आपल्याला कपाळ आठवते, ललाट आठवत नाही. मात्र विधिलिखिताचे बोलायचे असले की आपण ‘ललाटी लिहिलेले’ म्हणतो. कष्टाला जागा बदललेला शब्द आणि नशिबाला मूळ क्रमाचा शब्द, ही वाटणी कोणी ठरवून केली नसेल, पण मला ती नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

काही शब्द मात्र परत मूळ क्रमावर नेले जातात. वाराणसीचे ‘वाणारसी’ आणि त्याचे बनारस झाले. सरकारी कागदांत पुन्हा वाराणसी आली, तरी आमच्याकडे लग्नात नवरीला घेतात तो शालू बनारसीच असतो. आमच्या पूर्वेला, अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुराचे हेमचंद्राने नोंदवलेले ‘अलचपुर’ पुढे एलिचपूर म्हणून शतकानुशतके चालले, आणि आता पाटीवर पुन्हा अचलपूर आहे.

डोहाचा विषय निघालाच आहे, तर बुडण्याचेही सांगते. आम्ही डोहात उतरलो की आजी काठावरून ओरडायची, “बुडी जाशी!” प्राकृतात ‘बुड्ड’ होता, मराठीने आणि अहिराणीने तो क्रम सांभाळला, हिंदीने तो फिरवून ‘डूबना’ केला. येथे जुना क्रम गावच्या तोंडी आहे आणि फिरलेला क्रम सबंध उत्तर हिंदुस्थानात मान्य झालेल्या भाषेत. आम्ही डुबकी मारत असू, डुंबत असू, आणि बुडण्याची भीती मात्र बुडण्याचीच असे. फिरलेला आणि न फिरलेला असे दोन्ही शब्द त्या एका डोहात होते.

ह हा वर्ण तर एका जागी टिकतच नाही. तो निव्वळ श्वास आहे, आणि श्वास जिथे वाट मिळेल तिथे जातो. ‘गृह’ शब्दाच्या शेवटचा ह पुढे सरकून ग ला मिळाला आणि ‘घर’ झाले. ‘भगिनी’च्या भ मधला श्वास सुटून मध्ये गेला आणि ‘बहीण’ झाली. ‘चिह्न’मध्ये ह आधी आणि न नंतर आहे, आपण ‘चिन्ह’ लिहितो आणि तेच मराठीत शुद्ध धरले जाते. ‘जिह्वा’ची ‘जिव्हा’ झाली, ‘प्रह्लादा’चा ‘प्रल्हाद’ झाला आणि त्याबद्दल कोणी कधी गुण कापत नाही. परंतु ‘ब्राह्मण’ हा शब्द एखाद्या मुलाने ‘ब्राम्हण’ असा लिहिला की आम्ही शिक्षक लगेच खूण करतो, जरी जवळजवळ सगळा महाराष्ट्र तो तसाच उच्चारतो. एकाच तासाला फळ्यावर ‘प्रश्नचिन्ह’ लिहून, त्याच तासाला ‘ब्राम्हण’वर लाल रेघ मी मारलेली आहे. नियम म्हणून मी तो पाळत आले, पण एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला बंदी यामागे उच्चाराचे कोणतेही कारण मला देता येत नाही. ज्याची लिहिण्याची सवय आधी रूढ झाली तो आत आला, एवढेच.

परभाषेतून आलेल्या शब्दांनाही हा न्याय लागतो. ‘कुलूप’ हा शब्द अरबीतल्या ‘कुफ्ल’पासून आला, मूळात फ आधी आणि ल नंतर, आपल्याकडे पोहोचेपर्यंत ल आधी आणि फ चा प होऊन नंतर. कुल्फीचेही मूळ तेच, कारण ती बंद साच्यात गोठवतात. कोणत्याही शब्दकोशात ‘कुलूप’ला अशुद्ध म्हटलेले नाही, आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. मग ‘नुकसान’ आणि ‘नुसकान’ यांच्यात काय फरक आहे? दोन्ही अरबी शब्द, दोहोंतही दोन वर्णांची अदलाबदल. कुलूप फिरल्यानंतर कागदावर आले आणि नुकसान फिरण्याआधीच कागदावर बसले. दफ्तरात, सरकारी अर्जात, भरपाईच्या आदेशात ते ‘नुकसान’ म्हणून पक्के झाले, आणि ज्यांचे ते खरोखर होत होते त्यांच्या तोंडचा शब्द ओट्यावर राहिला.

येथे मला एक भेद स्पष्ट करावासा वाटतो, कारण जिभेने केलेली अदलाबदल आणि हाताने केलेली अदलाबदल मी एका मापाने मोजत नाही. लग्नपत्रिकांवर ‘आर्शीवाद’ असे छापलेले असते. आमच्याच घरातल्या एका लग्नाच्या पत्रिका तालुक्याच्या गावातून छापून आल्या तेव्हा त्यांवरही तेच होते, आणि चारशे पत्रिकांवर पेनाने दुरुस्ती करत मी दोन रात्री जागले. ‘आशीर्वाद’ म्हणताना र हा वा च्या आधी उच्चारला जातो, म्हणून त्याचा रफार वा वर बसतो. पण आपल्या लिपीत हा र उच्चारात अक्षराच्या आधी आणि लिहिताना अक्षराच्या डोक्यावर, तोही सगळे अक्षर लिहून झाल्यावर, येतो. आणि ऱ्हस्व इकार तर उलट, उच्चारात व्यंजनानंतर आणि लिहिताना व्यंजनाआधी. जुन्या टंकलेखन यंत्रावर आधी इकार आणि मग व्यंजन उमटवावे लागे. ज्या लिपीत डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम असा वेगळा असतो, तिच्यात हात चुकणे स्वाभाविक आहे. नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा आणि शहादा भागात, नर्मदेच्या धरणाने विस्थापित झालेल्यांच्या वसाहती आहेत. त्या बाजूच्या प्रवासात मी ‘पुर्नवसन’ असे रंगवलेली पाटी पाहिली आहे. हे पाहून मला वाईट वाटते, आणि ते मी लपवत नाही. ‘पुनर्वसन’ या शब्दात ‘पुनर्’ म्हणजे पुन्हा. रफार एक अक्षर मागे सरकला की तो ‘पुन्हा’च मोडतो. ‘नुसकान’मध्ये असे काहीही मोडत नाही.

अर्थात हातानेही कधी इतिहास घडवलेला आहे. अशोकाचे शिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. वायव्येला शाहबाजगढी येथे खरोष्ठी लिपीत कोरलेल्या लेखांत ‘धर्म’ऐवजी ‘ध्रम’ आणि ‘प्रियदर्शी’ऐवजी ‘प्रियद्रशि’ असे आहे. तिकडे र असाच पुढे सरकवून बोलत होते, की ती केवळ लिहिण्याची रीत होती, यावर अभ्यासकांत दुमत आहे. पण ते दगडावर कोरलेले असल्यामुळे आज त्याला कोणी शुद्धलेखनाची चूक म्हणत नाही. त्याला त्या प्रदेशाची रीत म्हणतात, त्यावर प्रबंध लिहितात. आमच्या आजीने आयुष्यात एकही अक्षर लिहिले नाही.

ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. गावातली शेती नाना, म्हणजे माझे काका, पाहतात. मागे एकदा असाच अवकाळी पाऊस झाला तेव्हा मी गावी होते. पंचनाम्याला आलेला तलाठी तरुण होता, साक्री तालुक्याकडचा, आणि त्याच्या हातात कागदाऐवजी मोबाइल होता. बांधावर उभा राहून त्याने भिजलेल्या कापसाचे फोटो काढले, गट क्रमांक विचारला आणि पिकाचे नाव भरले. मग मान खाली घालून पडद्यावर अक्षरे उमटवत असतानाच त्याने विचारले, “कितलं नुसकान व्हयनं, नाना?” मी त्याच्या शेजारीच उभी होते, त्यामुळे त्याची बोटे काय लिहीत होती तेही मला दिसत होते. बोटे ‘नुकसान’ लिहीत होती.

नानांनी वाकून एक काळे पडलेले बोंड तोडले, ते तळहातावर फोडून त्याला दाखवले आणि म्हणाले, “समदं.”